नऊ जागा, एक बॉल

गोल्फ कोर्सवर सकाळी साडेसहाला गर्दी बघायची असेल तर ड्रायव्हिंग रेंजवर जावं. ओळीने हिरव्या मॅट, प्रत्येक मॅटवर एक साहेब, साहेबांच्या पायाशी बॉलची बादली आणि हातात ड्रायव्हर. या ड्रायव्हरची खरी किंमत फक्त दुकानदाराला आणि साहेबांना ठाऊक असते. घरी सांगितलेली वेगळी असते. साहेब मागे वळतात, दांडा डोक्यावरून फिरतो, ठण्ण आवाज होतो आणि मग ते तसेच उभे राहतात. दांडा खांद्यावर, उजवी टाच वर, नजर क्षितिजावर. बॉल सरळ गेला तर शेजारच्या मॅटवरून 'शॉट, सर!' अशी दाद येते. वाकडा गेला तर साहेब दांड्याचं तोंड फिरवून फिरवून तपासतात. दांडा आता कबुलीजबाब देणार अशी त्यांना आशा असावी.

तिथून शंभरेक पावलांवर चिपिंग ग्रीन असतं. गुळगुळीत कापलेली हिरवळ, तीन-चार झेंडे, कडेने वाढवून ठेवलेलं गवत, एका अंगाला वाळूचा बंकर. तिथे एक कावळा असतो.

अगदीच कोणी फिरकत नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. शांतता असते म्हणून लोक तिथे फोनवर बोलायला येतात. टी-टाइमला पाच मिनिटं राहिली की काही जण खिशातून तीन बॉल काढून गवतावर टाकतात, एका हातातला चहा न सांडता दुसऱ्या हाताने ते झेंड्याच्या दिशेने ढकलतात आणि 'चला, शॉर्ट गेम झाला' असं म्हणून पहिल्या टीकडे निघतात. तीनपैकी एक बॉल सापडत नाही. तो कावळ्याने नेला म्हणतात, आणि ते बहुधा खरंच असतं.

आता यातलं गणित चौथीतल्या मुलालाही जमेल. नेहमीच्या अठरा होलांच्या कोर्सचा पार, म्हणजे अपेक्षित फटके, ७२. त्या ७२ मध्ये दर होलला दोन पट (बॉल होलकडे लोळवायचे फटके) धरलेले असतात, म्हणजे ३६ फटके नुसते ग्रीनवरचे. ड्रायव्हर फार तर १४ वेळा लागतो, कारण चार होल बहुधा पार तीनचे असतात. शिवाय ग्रीन हुकतं. जगातले उत्तमोत्तम व्यावसायिक खेळाडूसुद्धा अठरापैकी सहाएक ग्रीन चुकवतात. आपण हौशी लोक किती चुकवतो त्याची चौकशी कोणी करत नाही, हा गोल्फमधला शिष्टाचार आहे. प्रत्येक चुकलेल्या ग्रीनला एक चिप लागते. आणि हे सगळं संपवायचं कुठे, तर १०८ मिलिमीटर रुंदीच्या भोकात. बॉल स्वतः पावणेत्रेचाळीस मिलिमीटरांच्या जरासा आत. म्हणजे अडीच बॉलांची जागा. एवढी माहिती हातात असूनही माणूस रेंजवर बादली रिकामी करत उभा असतो, याचं कारण गणितात शोधून सापडणार नाही.

कारण असं की जवळच्या फटक्याला प्रेक्षक नाही. क्लबच्या बारमध्ये 'काल सातव्यावर दोनशे साठ मारला' असं कोणी म्हटलं की चार माना वळतात. त्याच आवाजात 'काल बारा यार्डांवरून चिप केली, दोन फुटांवर थांबली' असं म्हणून बघा. ऐकणारे वेटरला शोधू लागतात.

हा काही आपल्या क्लबापुरता दोष नाही, देशाचाच स्वभाव आहे. ७ ऑगस्ट २०२१ हा दिवस आठवा. टोकियो ऑलिंपिकच्या गोल्फचा शेवटचा दिवस. अदिती अशोक, जागतिक क्रमवारीत दोनशेवी, पदकाच्या शर्यतीत होती आणि बॅग उचलायला तिची आई होती. ड्राइव्हच्या लांबीत तिच्या बरोबरच्या मुली तिला कितीतरी मागे टाकत होत्या. ती टिकून होती ती चिप आणि पट यांच्या जोरावर. त्या पहाटे महाराष्ट्रातल्या ज्या घरांत गोल्फ म्हणजे फक्त जुन्या सिनेमातल्या खलनायकाचा छंद अशी समजूत होती, त्या घरांतून टीव्ही लागले. बर्डी म्हणजे चांगलं, बोगी म्हणजे वाईट, एवढं ज्ञान अर्ध्या तासात मिळालं आणि पुढच्या अर्ध्या तासात सल्ले सुरू झाले. 'अगं, जरा डावीकडून घे,' असं आजी टीव्हीला सांगत होत्या. एका फटक्याने अदितीचं कांस्य हुकलं. लोक हळहळले. पण त्याच संध्याकाळी नीरज चोप्राने भाला ८७.५८ मीटर फेकला, सुवर्ण आलं, आणि सकाळचे पट देश साफ विसरला. नीरजच्या सुवर्णाबद्दल कोण काय बोलणार! मी एवढंच म्हणतो, की लांब गेलेली वस्तू आम्हाला लगेच समजते.

पुण्यात तर गोल्फची बात आधीच नाजूक. 'येरवड्याला निघालोय' असं म्हटलं की समोरचा पुणेकर आधी दचकतो आणि मग सहानुभूतीने कारण विचारतो, कारण तिथे तुरुंगही आहे, मनोरुग्णालयही आहे आणि गोल्फ कोर्सही आहे. आम्ही खेळतो तो कोर्स सुदैवाने शहराबाहेर आहे, त्यामुळे खुलासा करावा लागत नाही. आमची चौकडी अशी: निवृत्त कर्नलसाहेब, एका सॉफ्टवेअर कंपनीतले व्हाइस प्रेसिडेंट (ज्यांना सगळे व्हीपीच म्हणतात, बहुधा घरीसुद्धा), हाडांचे डॉक्टर, आणि मी. आमच्याबरोबर कॅडी म्हणून मामा असतात. मामांचं वय कोणालाच माहीत नाही. कर्नलसाहेब त्यांच्याहून मोठे असावेत, पण तेही त्यांना मामाच म्हणतात.

चिप हा फटका सांगायला इतका सोपा आहे की तो न जमणाऱ्याला स्वतःचाच राग येतो. ग्रीनच्या कडेला, दहा-पंधरा यार्डांवर बॉल पडलेला असतो. तो जरासा उडवायचा, ग्रीनवर आपण ठरवलेल्या ठिकाणी टेकवायचा आणि उरलेलं अंतर त्याचं त्याला लोळत जाऊ द्यायचं. पाय जवळ, वजन पुढच्या पायावर, बॉल जरा मागच्या बाजूला, हात बॉलच्या पुढे, मनगट शांत. आधी बॉल, मग गवत. वर उडवण्याचं काम वेज नावाच्या दांड्याच्या तिरक्या तोंडाचं. त्यासाठीच कंपनीने ते छप्पन्न अंशांत कललेलं दिलंय आणि त्याचेच पैसे घेतलेत. पण माणसाचा कंपनीवर विश्वास नाही. बॉल खाली आहे, तो वर जायला हवा, तेव्हा आपण खालून आधार द्यायला हवा असं त्याला आतून वाटतं. मग तो वजन मागच्या पायावर टाकतो, मनगट मोडतो आणि पातेल्यातला भात डावाने काढावा तसा बॉल काढायला जातो. दांडा बॉलच्या चार बोटं मागे जमिनीत रुततो. मातीचं ढेकूळ चार फूट जातं, बॉल दोन फूट. पुढच्या वेळी हा अनुभव गाठीशी असल्यामुळे तो दांडा उंच धरतो. आता दांड्याची कड बॉलच्या पोटात बसते आणि बॉल गुडघाभर उंचीने, ग्रीनला न शिवता, पलीकडच्या बंकरमध्ये जातो. पहिल्याला चंक म्हणतात, दुसऱ्याला थिन. डॉक्टरांच्या आयुष्यात हे दोन्ही एकाच होलवर, एकापाठोपाठ एक घडू शकतात आणि तेव्हा ते बॉलशी लॅटिनमध्ये बोलतात.

'हेड अप झालं, साहेब,' मामा म्हणतात.

हे निदान मामा सगळ्यांना करतात. चंक झाला, हेड अप. थिन झाला, हेड अप. व्हीपींचा बॉल एकदा स्प्रिंकलरच्या झाकणाला लागून उलट मागे आला, तेव्हाही मामांनी शांतपणे 'हेड अप' म्हटलं होतं. गंमत म्हणजे बहुतेक वेळा ते बरोबर असतं. फटका पुरा व्हायच्या आत निकाल बघायची घाई, हा चिपमधला मुख्य आजार. ड्राइव्हला ती घाई खपून जाते, कारण दांडा तेवढ्यात पुढे निघून गेलेला असतो. चिपमध्ये सगळं इतकं सावकाश चालतं की डोकं वर काढायला, पस्तावायला आणि पुन्हा खाली घालायला पुरेसा वेळ मिळतो.

यावर कवायती आहेत. सगळ्यांत प्रसिद्ध टॉवेलची. बॉलच्या मागे वीतभर अंतरावर टॉवेलची घडी ठेवायची आणि चिप करायची. दांडा टॉवेलला लागला तर तुम्ही मागे मारताय. टॉवेल खोटं बोलत नाही आणि 'हेड अप'ही म्हणत नाही. याचाच दुसरा अवतार म्हणजे टॉवेल छातीवरून आडवा घेऊन दोन्ही काखांत दाबायचा आणि तसाच फटका मारायचा. टॉवेल खाली पडला तर हात अंगापासून सुटले, मनगटांनी परस्पर कारभार सुरू केला, असं समजायचं. कवायत उत्तम आहे. अडचण एवढीच की ती कोर्सवर चारचौघांत करायला लाज वाटते, म्हणून लोक ती घरी करतात.

डॉक्टर त्यांच्या सोसायटीच्या गच्चीवर पायपुसण्यावरून प्लास्टिकचे बॉल मारत होते. काखांत टॉवेल. वहिनी कपडे वाळत घालायला वर आल्या.

'अहो, अंघोळ राहिलीय ना तुमची?'

'झाली.'

'मग टॉवेल?'

'टॉवेल पडू द्यायचा नाही, अशी कवायत आहे.'

वहिनींनी इकडेतिकडे आणखी कोणी नाही ना हे पाहिलं आणि खाली जाऊन डॉक्टरांच्या थोरल्या भावाला फोन केला. पुढच्या महिन्यात सोसायटीच्या नोटीस बोर्डावर सूचना लागली: 'गच्चीवर पापड, कुरडया व तत्सम वाळवण यांखेरीज अन्य उपक्रम करू नयेत.' डॉक्टरांचं नाव त्यात नव्हतं. सोसायटीत सुसंस्कृत लोक राहतात.

कवायती टाळायचा राजमार्ग म्हणजे नवीन वेज घेणे. नियमाने बॅगेत चौदा दांडे चालतात. त्यात पूर्वी एक-दोन वेज असत. व्हीपींच्या बॅगेत चार आहेत: अठ्ठेचाळीस, बावन्न, छप्पन्न आणि साठ अंशांच्या. जिथे पूर्वी चिप चुकली की माणूस स्वतःला दोष देई, तिथे आता 'छप्पन्न घ्यायला हवी होती' असं म्हणता येतं. चार अंशांचा फरक पडला, माणूस निर्दोष सुटला.

दांड्यांत सुधारणा व्हायला माझी हरकत नाही. सँड वेज ज्यांनी लोकप्रिय केली त्या जीन साराझेन यांची कथा मला आवडते. वैमानिक हॉवर्ड ह्यूज यांच्याबरोबर विमानात असताना त्यांनी पाहिलं, की शेपटीचा भाग एकीकडे झुकला की विमान दुसरीकडे उचललं जातं. घरी येऊन त्यांनी आपल्या दांड्याच्या बुडाला धातूचा जाड थर डाखून घेतला, म्हणजे तो वाळूत रुतण्याऐवजी वर उसळून येईल. १९३२च्या ब्रिटिश ओपनमध्ये त्यांनी तो वापरला आणि जिंकले. तोवर अधिकाऱ्यांच्या नजरेस पडू नये म्हणून तो बॅगेत उलटा ठेवत. आमचे व्हीपीही विमानात खूप बसतात. पण ते तिथे गोल्फच्या सामानाचा कॅटलॉग बघतात.

आणि दुसऱ्या टोकाला सेव्हे बायेस्तेरोस. स्पेनच्या किनाऱ्यावरच्या पेद्रेन्या गावात लहानपणी त्यांच्याकडे एकच दांडा, तीन नंबरची आयर्न. हा दांडा लांब आणि कमी उंचीवरून मारण्यासाठी असतो. त्याने वाळूतून हळुवार चिप करणं ही जवळजवळ शिक्षाच. पोरगा समुद्राच्या वाळूत त्याच एका दांड्याने सगळे फटके मारायला शिकला आणि पुढे शॉर्ट गेममध्ये जगाने ज्याच्याकडे तोंडात बोट घालून बघावं असा खेळाडू झाला. आपल्याकडे एस. एस. पी. चौरासिया. वडील रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबवर ग्रीनकीपर, मुलगा तिथेच बघून बघून, कोणी न शिकवता तयार झाला. चेंडू फार लांब जात नसे. म्हणून बहुधा जवळचा खेळ असा घोटवला, की बरोबरचे खेळाडू त्यांना 'चिपपटसिया' म्हणू लागले. २००८मध्ये इंडियन मास्टर्स जिंकलं, पुढे २०१६ आणि २०१७ अशी लागोपाठ दोन वर्षं इंडियन ओपन. मामांसमोर चौरासियांचं नाव काढलं की मामा हातातली बॅग खाली ठेवतात आणि मगच बोलतात.

कर्नलसाहेबांनी एका सकाळी आम्हाला रेंजवरून उठवून चिपिंग ग्रीनवर नेलं. त्यांच्या हातात नऊ लाल चकत्या होत्या. ग्रीनच्या भोवती त्यांनी त्या नऊ ठिकाणी टाकल्या. तीन सोप्या जागी: सपाट, कमी गवत, झेंडा लांब. तीन मध्यम. तीन अशा जागी, की जिथे बॉल पडल्यावर माणूस आधी आकाशाकडे बघतो: एक बंकरच्या पलीकडे, एक उतारावर, एक झाडाच्या मुळाशेजारच्या दाट गवतात, म्हणजे रफमध्ये. मग त्यांनी प्रत्येकाला एकेक बॉल दिला.

'बाकीचे?' व्हीपींनी विचारलं. त्यांनी बादली आणली होती.

'बाकीचे नाहीत. एक बॉल. प्रत्येक जागेवरून चिप, मग पट, होलमध्ये जाईपर्यंत. प्रत्येकी पार दोन. नऊ जागा, पार अठरा. कागदावर लिहायचं.'

ही कवायत जगभर करतात, कर्नलसाहेबांचा शोध नव्हे. तिच्यातला सगळा दुष्टपणा त्या एका बॉलमध्ये आहे. बादली घेऊन सराव करणारा माणूस एकाच जागेवरून वीस चिप मारतो. पहिल्या दहा इकडेतिकडे जातात, अकरावी बरी, सतरावी झेंड्याला खेटून थांबते. तो तिथेच थांबतो आणि त्या सतराव्या चिपची आठवण घेऊन घरी जातो. आज छान लागत होतं, असं त्याला मनापासून वाटतं. कोर्सवर मात्र त्याला फक्त पहिली चिप मिळते. सतरावी मिळण्याची सोय कुठल्याच कोर्सवर नाही. बादलीत सांत्वन असतं, एका बॉलमध्ये हिशेब. शिवाय दर वेळी जागा बदलते, म्हणजे कुठली वेज, कुठे टेकवायचा, किती लोळणार, हे प्रत्येक वेळी नव्याने ठरवावं लागतं. त्यावर पटही स्वतःच मारायचा. तीन फुटांवर बॉल ठेवून 'हा धरला' म्हणायची सोय नाही.

ही शेवटची अट सर्वांत जास्त झोंबली. मित्रांमित्रांत खेळताना होलजवळचा पट न मारताच दिला, असं धरण्याची गोड पद्धत आहे. तिला गिमी म्हणतात. किती जवळचा? एक दांडाभर, असं म्हणतात. तो दांडा कोणाचा आणि कुठून मोजायचा यावर पक्की मैत्री अवलंबून असते.

'हा गिमी ना?' व्हीपी दुसऱ्या चकतीवर म्हणाले.

'नाही.'

'कर्नलसाहेब, दांड्याच्या आत आहे!'

'मग घाला की आत.'

व्हीपींनी घातला नाही. बॉल कडेवरून गोल फिरून परत त्यांच्याकडे आला. डॉक्टरांना हसू आलं होतं, पण पुढची पाळी आपली आहे हे लक्षात येऊन त्यांनी ते गिळलं. व्यावसायिक गोल्फपटू फिल मिकेलसन तीन फुटांवरून होलभोवती गोल करून शंभर पट सलग घालायची कवायत करत. एक चुकला की पुन्हा एकपासून. हे मी नुसतं माहिती म्हणून सांगितलं, तर तिघांनीही माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी चकत्या गोळा करायला लागलो.

पहिल्या दिवशीचे आकडे: कर्नलसाहेब २५, डॉक्टर २९, व्हीपी ३१. माझा आकडा कर्नलसाहेबांच्या कागदावर आहे आणि कागद त्यांच्याकडे आहे.

एक गोष्ट मात्र दोनच आठवड्यांत दिसू लागली. कोणाचाही स्विंग फारसा सुधारला नव्हता, पण चकतीवर उभं राहिल्यावर झेंड्याकडे बघणं कमी झालं होतं. एकच बॉल असला की माणूस तो कुठे टेकवायचा याचा विचार करतो. २००५च्या मास्टर्समध्ये सोळाव्या होलवर टायगर वूड्सने ती प्रसिद्ध चिप मारली तेव्हाही त्याने बॉल होलकडे मारलाच नव्हता. बराच डावीकडे, चढावर टाकला, तिथून तो वळून उतरत आला, भोकाच्या ओठावर क्षणभर थबकला आणि आत पडला. आमच्या डॉक्टरांनी उताराच्या चकतीवरून असंच डावीकडे टाकून बॉल दीड फुटांवर आणला आणि पट घालून दोन केले. त्या दिवशी त्यांनी सगळ्यांना मिसळ खिलवली आणि प्रत्येक पावाबरोबर तो उतार पुन्हा सांगितला.

व्हीपींनी अर्थातच एक्सेल शीट केली. जागा, लाय, उतार, वारा, आदल्या रात्रीची झोप. तिसऱ्या आठवड्यात त्यात 'सुधारित स्कोअर' असा रकाना आला. त्यात गिमी वजा होत, शिवाय 'बाह्य व्यत्यय', म्हणजे कावळा. सुधारित हिशेबाने व्हीपी १९ वर आले होते. कर्नलसाहेबांनी लाल पेनने तो रकाना खोडला. स्क्रीनवर खोडता येत नसल्यामुळे त्यांनी आधी प्रिंट मागवली.

मग डॉक्टरांना मार्क ब्रॉडी सापडले. ब्रॉडी हे कोलंबिया विद्यापीठातले प्राध्यापक. व्यावसायिक खेळाडूंच्या लाखो फटक्यांची आकडेवारी तपासून त्यांनी २०१४मध्ये पुस्तक लिहिलं आणि दाखवून दिलं, की उत्तम खेळाडू आणि सामान्य खेळाडू यांच्यात जो फरक पडतो त्यातला साधारण दोन तृतीयांश शंभर यार्डांच्या पलीकडच्या फटक्यांतून येतो. त्याआधीची सगळी पिढी डेव्ह पेल्झ यांच्या शब्दावर वाढलेली. हे पूर्वी नासात संशोधक होते. नोकरी सोडून गोल्फ मोजायला लागले, शॉर्ट गेमवर जाडजूड ग्रंथ लिहिला आणि पट होल चुकलाच तर सतरा इंच पुढे जाईल एवढ्या जोराने मारावा, इथपर्यंत मोजून दिलं. आता ब्रॉडी म्हणतात, लांबचंच महत्त्वाचं.

'विज्ञान आहे,' डॉक्टर म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला होता. व्हीपींनी तर ड्रायव्हरचं कव्हर काढलंसुद्धा.

'मिकेलसनचंच घ्या,' डॉक्टरांना आता जोर चढला होता. 'शॉर्ट गेमचा राजा. २००६च्या यूएस ओपनमध्ये शेवटच्या होलवर कशाने घालवलं? ड्रायव्हरने! बॉल पाहुण्यांच्या तंबूवर गेला. एका फटक्याने हरला. म्हणजे सराव कशाचा हवा?'

कर्नलसाहेबांनी ब्रॉडींचा आकडा मान्य केला. आकड्यांशी ते भांडत नाहीत. 'लांब फटक्यात पन्नास यार्ड वाढवायला काय लागतं?' त्यांनी विचारलं.

'खांदे मोकळे हवेत. कंबर हवी. जोर हवा,' डॉक्टर म्हणाले.

'तुमच्या दवाखान्यात साठीनंतर या तीन गोष्टी कोणाला परत मिळाल्यात?'

हाडांचे डॉक्टर गप्प बसले. धंद्याचा प्रश्न होता. व्हीपींनी कव्हर परत घातलं, पण अर्धंच.

मला विचाराल तर दोघंही बरोबर आहेत. ब्रॉडींचं ऐकून रेंजवर जावं, पेल्झ यांचं ऐकून चिपिंग ग्रीनवर. पण ब्रॉडींचं पुस्तक न वाचताही रेंजवर तेवढीच गर्दी होती, ही नोंद कोणीतरी घ्यायला हवी.

आमच्या कोर्सवर सोमवारी सदस्यांना सुट्टी असते. गवत कापतात, बंकर भरतात आणि काम आटोपलं की कॅडींना खेळायला मिळतं. एका सोमवारी कर्नलसाहेब हँडिकॅपच्या कुठल्याशा कागदावर सही करायला गेले तर मामा चिपिंग ग्रीनवर. नऊ ठिकाणी सोड्याच्या बाटल्यांची बुचं टाकलेली. हातात एक बॉल. कर्नलसाहेब कडुलिंबाखाली उभे राहून मोजत राहिले. बंकरपलीकडच्या जागेवर मामांना तीन लागले, रफमधल्या जागेवरही तीन. बाकी सगळीकडे दोन. वीस.

ही बातमी मंगळवारी सकाळी आमच्यापर्यंत आली. डॉक्टरांनी मामांना पाय किती जवळ ठेवता ते विचारलं. मामांनी खाली बघितलं. त्यांना ते ठाऊक नव्हतं. व्हीपींनी मुद्द्याला हात घातला.

'मामा, वेज कुठली तुमची?'

मामा शेडमधून वेज घेऊन आले. नाव पार झिजलेलं, तोंडावरच्या रेघा बोटाला लागेनात, ग्रिपवर सायकलची ट्यूब गुंडाळलेली. व्हीपींनी ती उलटसुलट करून पाहिली, अंशांचा आकडा शोधला, फोन काढून फोटो घेतला.

'ही कंपनी आता बनवते का?'

'काय की, साहेब. तुम्हीच दिली होती. हिच्यानं चिप होत नाही, म्हणालात.'

व्हीपींनी हवेत दोन फटके मारले. मग एक सावकाश मारला. वेज मामांना परत करायला पुढे केली, आणि पुन्हा मागे घेतली.

'शनिवारच्या मॅचपुरती राहू दे का माझ्याकडे?'

'राहू द्या की,' मामा म्हणाले आणि सवयीने व्हीपींच्या बॅगेतले दांडे मोजू लागले. पंधरा झाले होते. 'चौदाच चालतात, साहेब. एक काढायला लागेल.'

'कुठला काढू?'

'ड्रायव्हर काढा.'

व्हीपींना हा विनोद इतका आवडला की शनिवारी पहिल्या टीवर, खांद्यावर ड्रायव्हर ठेवून, त्यांनी तो सगळ्यांना सांगितला.